मींडेची कमान आणि जॅझची रेघ

१९६८ साली शंकर-जयकिशन या जोडीने ‘रागा-जॅझ स्टाइल’ या नावाची एक ध्वनिमुद्रिका काढली. कोणत्याही चित्रपटाशी तिचा संबंध नव्हता. तोडीने आरंभ होऊन भैरवीने समाप्त होणारी ही अकरा रागांची तबकडी. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो अशी जाणती माणसे तीत वाजवीत होती. यांपैकी जयकिशन डाह्याभाई पांचाळ हे वांसद्याचे. १९२९ साली ते जन्मले तेव्हा वांसदा हे डांगांच्या कडेचे एक लहानसे संस्थान होते. विलीनीकरणानंतर ते सुरत जिल्ह्यात आले आणि आज नवसारी जिल्ह्यात मोडते. तेव्हा या ध्वनिमुद्रिकेवर सुरतकरांनी थोडाफार हक्क सांगितला, तर तो अगदीच अवाजवी ठरू नये.

तथापि येथे आम्हांस त्या तबकडीचे कौतुक करावयाचे नाही. ती ऐकताना एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो, आणि तो रागाचा नाही की जॅझचाही नाही. तो लिपीचा आहे. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात, मध्ये न तुटता, सरकत जाण्याची जी क्रिया आहे, ती कागदावर लिहावी कशी, आणि कोणी लिहून ठेवली असेल तर ती वाचावी कशी? आपल्याकडे या क्रियेला मींड म्हणतात. जॅझमध्ये तिची निरनिराळी नावे आहेत. दोन्हीकडे तिच्यासाठी खुणा ठरलेल्या आहेत. या खुणा वरवर सारख्या दिसतात, आणि त्या सारख्या दिसतात हेच त्यांच्या बाबतीतील गैरसमजाचे मूळ आहे, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम जॅझच्या खुणा पाहू. पाश्चात्त्य संगीत पाच रेघांच्या पट्टीवर लिहिले जाते आणि स्वर हा तेथे एका ठिपक्याने दर्शवितात. ठिपका म्हणजे निश्चित उंची. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गळ्यातून आणि वाद्यांतून जे संगीत आले, त्यात स्वर ठिपक्यासारखा एका जागी बसत नव्हता. तो खालून चढत येई, वरून कोसळे, शेवटी गळून पडे. मग ठिपक्याच्या आजूबाजूस लहान वक्र रेघा काढण्याची पद्धत पडली. ठिपक्याच्या डावीकडे, खालून वर येणारी छोटी कमान असली म्हणजे ‘स्कूप’: स्वर किंचित खालून उचलून घ्यावा. डावीकडे वरून खाली येणारी रेघ म्हणजे ‘प्लॉप’: वरून त्या स्वरावर येऊन पडावे. उजवीकडे खाली जाणारी रेघ म्हणजे ‘फॉल’: स्वर लावून झाल्यावर त्याला घरंगळू द्यावे. उजवीकडेच वर उडणारी रेघ असेल तर तिला ‘डॉइट’ असे विचित्र नाव आहे. स्वर संपता संपता वर फेकला जातो. ठिपक्याच्या माथ्यावर वाटीसारखी खूण असली म्हणजे ‘बेंड’. स्वर लावावा, थोडा खाली झुकवावा आणि परत जागेवर आणावा. दोन ठिपक्यांना जोडणारी तिरपी रेघ म्हणजे ‘ग्लिसांडो’. याखेरीज माथ्यावर नागमोडी रेघ असते, ती ‘शेक’; ओठांच्या जोरावर स्वर हलवावा असा तिचा अर्थ.

आता या खुणांत काय सांगितलेले नाही, ते पाहण्याजोगे आहे. स्कूप किती खालून घ्यावयाचा? अर्ध्या स्वराने की दीड स्वराने? सांगितलेले नाही. फॉल कोठवर जावा? रेघ लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढेच. तो कोणत्या स्वरावर थांबावा, हे लिहिलेले नसते, कारण तो कोणत्याच स्वरावर थांबावयाचा नसतो. तो ऐकू येईनासा होतो. शिवाय या खुणा सर्व प्रकाशकांकडे एकसारख्याही नाहीत. एकाने ज्याला बेंड म्हणावे त्याला दुसरा ‘डिप’ म्हणतो. अनुभवी बँडमध्ये या गोष्टीवरून कोणाचे अडत नाही. आघाडीचा ट्रंपेटवाला ज्या रीतीने घरंगळतो त्याच रीतीने बाकीचे घरंगळतात. कागदावरील रेघ फक्त ‘येथे’ एवढेच सांगते. ‘कसे’ हे शेजारच्या खुर्चीवरून कळते.

याचे सर्वपरिचित उदाहरण जॉर्ज गर्श्विन यांच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’चे आहे. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदाने ती प्रथम सादर केली. आरंभी एकटे क्लॅरिनेट वाजते. गर्श्विन यांनी तेथे कंपित स्वरानंतर वर चढत जाणारी सतरा स्वरांची सलग पायरी लिहिली होती. तालमीत रॉस गोरमन या वादकाने, बहुधा थट्टेने, त्या पायऱ्यांची घसरगुंडी करून टाकली. गर्श्विन यांना ती इतकी आवडली की तसेच वाजवावे असे त्यांनी सांगितले. आज जगात कोठेही ती रचना वाजली की लोक त्या घसरत्या क्लॅरिनेटची वाट पाहतात. लिहिलेल्या पायऱ्या जशाच्या तशा कोणी वाजवल्या, तर श्रोत्यांस त्याचीच चूक झाली असे वाटेल. म्हणजे येथे परंपरा कागदात नसून कानात आहे, आणि कागद तिला आक्षेप घेत नाही.

आणखी एक गोष्ट. फॉलची एकच रेघ ट्रॉम्बोनवाला वाचतो तेव्हा तो नळी सरकवितो आणि स्वर खरोखरच अखंड खाली जातो. ट्रंपेटवाला पडद्या अर्धवट दाबून ओठ सैल करतो. सॅक्सोफोनवाला बोटांनी झरझर खालच्या स्वरांवरून उतरतो. वेगामुळे पायऱ्या कळत नाहीत, इतकेच. पियानोवाल्याला तर हे जमणारच नाही. एक रेघ, आणि चार ठिकाणी चार प्रकारचे नाद. गिटारवाल्यांनी मात्र येथे निराळी वाट धरली. त्यांच्या लिपीत तार बाजूस ओढून स्वर चढविण्यासाठी वर वळणारा बाण असतो व तो किती चढवावा हेही आकड्याने लिहिलेले असते; बोट तारेवरून पुढे सरकवावयाचे असेल तर त्यासाठी तिरपी रेघ वेगळी. आधीच तार ओढून धरून, मग छेडून, हळूहळू सोडावयाची असेल तर त्यालाही निराळी खूण आहे. आपल्या सतारियांस हा भेद मुळीच अपरिचित नाही. तार खेचून घेतली ती मींड, पडद्यांवरून बोट घासत नेले ती घसीट. छेडून खेचली ती अनुलोम, खेचून छेडली ती विलोम. सतारीचा हा सारा हातखंडा. पण आपल्या छापील पुस्तकांत या सर्वांसाठी मिळून एकच कमान येते, आणि याचे कारण असे की आपली लिपी वाद्यासाठी घडलेली नाही. ती गळ्यासाठी घडली.

ही लिपी घडविणारे दोघेही मराठी, आणि दोघेही आपापल्या परीने हट्टी. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील, पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) हे कुरुंदवाडचे गवई. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि समूहाने शिकविता येईल असे संगीत हवे म्हणून स्वतःची लिपी रचली. भातखंड्यांनी उस्तादांच्या घरोघरी जाऊन, आर्जवे करून, बंदिशी मिळविल्या व ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या छापल्या. दोन लिप्यांत चिन्हांचा असा काही घोळ आहे की एक शिकलेल्याने दुसरी उघडली तर त्याचा घात व्हावा. भातखंड्यांकडे स्वराच्या माथ्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला. पलुसकरांकडे तेच टिंब मंद्राचे. भातखंड्यांकडे मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकरांकडे स्वरावरची उभी रेघ म्हणजे तार सप्तक. आज बहुतेक ठिकाणी भातखंड्यांची पद्धती चालते. म्हणून आम्ही तीच धरून बोलतो.

भातखंड्यांच्या लिपीत सरकत्या स्वरासाठी तीन प्रमुख खुणा आहेत. दोन वा अधिक स्वरांच्या माथ्यावर काढलेली कमान म्हणजे मींड. मुख्य स्वराच्या डाव्या खांद्यावर लहान अक्षरात लिहिलेला स्वर म्हणजे कण. आणि कंसात घातलेला स्वर म्हणजे त्याच्या वरचा, तो, खालचा आणि पुन्हा तो, असे चार स्वर एका झटक्यात. कंसातला पंचम ‘धपमप’ असा वाचावयाचा. आंदोलनासाठी, घसीटीसाठी, गमकेसाठी सर्वमान्य असे काही नाही. स्वरांच्या खाली काढलेल्या कमानीचा अर्थ मात्र अगदी वेगळा आहे: ते स्वर एका मात्रेत बसवावयाचे. वरची कमान आणि खालची कमान यांत एवढे अंतर! जुन्या शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत ‘रे’ची मात्रा, ‘नि’ची वेलांटी, तिच्यावर सप्तकाचे टिंब आणि त्याहीवर कमान, असा मजल्यावर मजला चढवावा लागे; जुळाऱ्यांनी ते निभावले हेच नवल. पुढे हाथरसच्या हिंदी आवृत्त्या सर्वत्र पसरल्या. सुरतेत शिकणाऱ्या पोरांच्या हाती आज येते ते बहुधा त्या आवृत्तीच्या झेरॉक्सची झेरॉक्स. तीत पहिली नाहीशी होते ती वरची कमान. अक्षर राहते, मात्रा राहते, तिच्यावरची बारीक वक्र रेघ पांढऱ्यात विरून जाते.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. मींड हा अलंकार आहे, आणि अलंकार उतरला तरी देह राहतोच, अशी समजूत परीक्षेच्या पुस्तकांनीच रुजवली आहे. त्यांत मींड, कण, खटका, मुरकी, गमक यांची व्याख्या ‘गायनातील अलंकार’ अशा मथळ्याखाली पाठ करावयास दिलेली असते. या समजुतीशी आमचे भांडण आहे, आणि ते शुद्ध कल्याणाच्या उदाहरणाने मांडता येईल.

भूप आणि शुद्ध कल्याण यांचा आरोह एकच आहे: सा, रे, ग, प, ध, वरचा सा. भूपात मध्यम व निषाद मुळीच नाहीत. शुद्ध कल्याणात उतरताना ते येतात. पण उघड येत नाहीत. वरच्या षड्जावरून धैवतावर येताना निषादाचा, आणि पंचमावरून गांधारावर येताना तीव्र मध्यमाचा भास व्हावा लागतो. तोही मींडेच्या पोटात. आता वरचा सा आणि ध ही जोडी भूपातही येते, आणि तेथेही ती जोडून घेतली जाते. कागदावर दोन्हीकडे सा, ध आणि त्यांवर कमान. अक्षरशः एकच लेखन. पण भूपातील गवई ती वाट अशी चालतो की निषादाची पायरी पायास लागू नये. शुद्ध कल्याणात ती पायरी चाटून जावी लागते, आणि किराण्याचा गवई असेल तर किंचित अधिक. कमान गेली, तर शुद्ध कल्याणाचा भूप होतो. कमान राहिली आणि तिच्या पोटातले काय ते कोणी सांगितले नाही, तरी भूपच होतो. तेव्हा हा अलंकार नव्हे. हा त्या रागाचा श्वास आहे. मियाँ मल्हारातील गांधाराचे आंदोलन किंवा दरबारीतील गांधाराची मध्यमाकडून येणारी हालचाल यांविषयीही हेच म्हणता येईल. कोमल गांधाराखाली आडवी रेघ काढली म्हणजे दरबारीचा गांधार लिहून झाला, असे ज्याला वाटते त्याने तो ऐकलेला नाही.

जॅझची खूण आणि आपली खूण यांतील खरा भेद येथे दिसतो. जॅझच्या स्कूपला आरंभबिंदू नाही, फॉलला अंत्यबिंदू नाही. एक टोक मोकळे आहे आणि ते मोकळे असणे हाच त्या संगीताचा स्वभाव आहे. आपल्या मींडेची दोन्ही टोके पक्की बांधलेली असतात. येथून निघावयाचे आणि तेथेच पोचावयाचे. इकडेतिकडे गेले तर राग बिघडतो, बेसूर होतो. आपल्याकडे मोकळी सोडलेली असते ती वाट, आणि त्या वाटेवरच राग राहतो. कणाचेही तसेच. स्कूप म्हणजे ‘खालून कोठूनतरी’. कण म्हणजे ‘नेमका या स्वराला स्पर्शून’. म्हणून एका सवयीने दुसरी लिपी वाचू नये. जॅझच्या वादकाने मींडेची कमान ग्लिसांडोसारखी वाचली, तर तो टोके बरोबर गाठील आणि वाट सपाट करील. आपल्याकडच्या मुलाने फॉलची रेघ मींडेसारखी वाचली, तर तो बिचारा खालचा स्वर कोणता म्हणून शोधत बसेल.

यावर उपाय म्हणून लिपी अधिक बारीक करावी, असे सुचविणारे पूर्वीही होते आणि आजही आहेत. मुंबईच्या एन.सी.पी.ए.त सुवर्णलता राव आणि विम फान देर मेर यांनी गायनातील स्वरांचे संगणकावर आलेख काढण्याचे मोठे काम केले आहे. त्या आलेखांत मींड खरोखर डोळ्यांनी दिसते. कोठे ती रेंगाळली, कोठे वळली, निषादापाशी किती क्षण मंदावली, सारे दिसते. अभ्यासकाला याचा उपयोग अपार आहे. परंतु आलेख ही लिपी नव्हे. अमुक गायकाने अमुक वेळी कसे गायिले याची ती नोंद आहे. दुसऱ्याने कसे गावे याची ती आज्ञा नाही. भातखंड्यांची कमान उलट आज्ञा आहे, अपुरी असली तरी. ज्याने राग ऐकला आहे त्याला उद्देशून लिहिलेली ती एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीत सर्व मजकूर नसतो, कारण पाठविणारा व घेणारा यांच्यात काही आधीच ठाऊक असते.

आपल्या सुरतेतील मराठीचेच पाहा. पुणेकराने लिहिलेले वाक्य आणि आपल्या घरातील आजीने लिहिलेले वाक्य कागदावर तंतोतंत सारखे असू शकते. पण आजी ते वाचते तेव्हा वाक्याच्या शेवटी जो एक हेल येतो, थोडा लांबलेला, थोडा गुजरातीकडे झुकलेला, तो कोणत्याही वेलांटीने लिहिता येत नाही. तो हेल ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हा भाग निराळा. परंतु तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुले मराठी वाचू लागतात तेव्हा अक्षरे येतात आणि हेल येत नाही, कारण घरात तो ऐकावयास मिळणे कमी झाले आहे. मींडेचे दुखणे आमच्या मते याच जातीचे आहे.

आपल्या घरांतून संगीत आले ते बरेचसे पेटीबरोबर, ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. गणपतीतील मेळे, नाट्यगीते, भजनी मंडळी, सारे पेटीवर. पेटीवर मींड निघत नाही. बोट एका पट्टीवरून उचलून दुसरीवर ठेवावे लागते. भात्याने कितीही लाड केले तरी मधले अंतर भरत नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. तिच्यावरील आक्षेपांत मींडेचा अभाव हा एक ठळक आक्षेप होता. बंदी अतिरेकी होती, असेच आम्हांस वाटते. मराठी पेटीवाल्यांनी कणस्वरांच्या आधारे मींडेचा जो आभास निर्माण केला, तो एका अडचणीतून निघालेला कलेचा मार्ग आहे. परंतु जी मुले राग प्रथम पेटीवरच शिकतात, त्यांच्या मनात स्वर म्हणजे पट्टी हे समीकरण बसते. आणि मग कमान ही त्यांना दोन पट्ट्यांमधील सजावट वाटते. जयकिशन स्वतः पेटीवाले. पृथ्वी थिएटरात ते पेटी आणि शंकर तबला वाजवीत. पट्टीवर सुचलेल्या त्यांच्या चाली पुढे गळ्यात आणि व्हायोलिनांत किती मृदू होऊन गेल्या, हे सर्वांनी ऐकले आहे. त्यांना मृदू करणारी जी माणसे होती त्यांत गोमंतकीयांचा वाटा मोठा होता.

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले पुढे मुंबईच्या हॉटेलांत, लाहोर-कलकत्त्याच्या बँडांत जॅझ वाजवू लागली, आणि फाळणीच्या सुमारास व नंतर चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहांत आली. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी दीर्घकाळ सेबॅस्टियन डिसोझा यांनी केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात वाद्यवृंदाचा एक मोठा कार्यक्रम केला व त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायिले. रागाचे स्वर पाच रेघांवर आणण्याची त्यांची ती धडपड होती. या ध्वनिमुद्रणगृहांत एकाच वेळी दोन लिप्या नांदत असत. सतारिया, सारंगिया, बासरीवाला यांच्यापुढे देवनागरीतली सरगम. व्हायोलिनवाले आणि फुंकवाद्यांवाले यांच्यापुढे पाच रेघा. संगीतकार गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवी. सतारियाला मींड सांगावी लागत नसे. पण कित्येक व्हायोलिनांनी एकाच वेगाने, एकाच क्षणी सरकावयाचे, तर तेथे कागदावर रेघ लागे आणि वर तोंडी समजही द्यावी लागे. आमच्या मते आपल्या देशात मींडेच्या लेखनाचा सर्वांत कसून विचार झाला असेल, तर तो संगीताच्या परीक्षामंडळांत नव्हे, या घाईगर्दीच्या खोल्यांत झाला. तेथे चूक लगेच ऐकू येत असे. दुर्दैव असे की ते कागद काम संपताच निरुपयोगी मानले गेले.

आता ‘रागा-जॅझ स्टाइल’कडे परत येऊ. एका तबकडीच्या दोन बाजूंत अकरा राग म्हणजे प्रत्येकास चार मिनिटेही येत नाहीत. एवढ्यात राग मांडला जात नाही, त्याची ओळख होते; आणि ओळख पटवावयाची तर मींडेवाचून दुसरे साधन नाही. रईस खाँ हे मेवाती घराण्याचे आणि गायकी अंगाने वाजविणारे. त्यांची तार चार स्वरांत राग उभा करते. पितळी वाद्ये तेच स्वर घेतात तेव्हा मात्र स्वर बरोबर असूनही पुष्कळदा रागाऐवजी रागाची पट्टी ऐकू येते. तोडीसारख्या रागात हे विशेष जाणवते, कारण तोडीचा गांधार पट्टीवरच्या कोमल गांधारापेक्षा खाली राहतो आणि ऋषभाशी त्याचे जे ओले नाते आहे ते ठिपक्याने जोडता येत नाही. मिश्र पिलू आणि भैरवी यांत दोन्ही पक्ष अधिक सुखाने नांदतात. तेथे वाट काटेकोर नाही. स्वरांना इकडेतिकडे झुकण्याची मुभा आहे, आणि सॅक्सोफोनच्या झुकण्यालाही तेथे घर मिळते. मनोहारी सिंग यांच्या फुंकेतील लवचिकता आपण असंख्य गाण्यांतून ऐकली आहे. त्या लवचिकतेला मोकळे टोक लागते.

ही तबकडी काढणाऱ्यांस शास्त्र कळत नव्हते, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्यांना नेमके कळत होते. म्हणूनच त्यांनी सतार मध्यभागी ठेवली आणि जिथे वाट महत्त्वाची तिथे ती तिच्या हाती दिली. उणीव दुसरीकडे आहे. फुंकवाद्यांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे फॉल, डॉइट आणि शेकच्या भाषेत, बोलू देण्याचे धाडस या ध्वनिमुद्रिकेत कमी आढळते. रागाच्या धाकाने ती बरीच सोवळ्यात वाजतात. जॅझचा घरंगळता शेवट षड्जावर आलेल्या ओळीच्या अखेरीस ठेवला असता तर राग बिघडला असता का? ओळ पोचल्यानंतरचे घरंगळणे आणि ओळ पोचण्याआधीचे घरंगळणे यांत आम्ही फरक करू. पहिल्याने राग बिघडत नाही, फक्त श्रोता दचकतो. आणि जॅझ नाव दिल्यावर श्रोत्याने थोडे दचकावे.

भरूचकडे वाढलेले पं. ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७) यांचेही उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. ते पलुसकरांचे शिष्य, म्हणजे लिपीच्या घराण्यातले. ‘संगीतांजली’च्या भागांतून त्यांनी पुष्कळ बंदिशी स्वरलिपीत दिल्या. पण मैफलीत ते प्रसिद्ध होते ते काकुप्रयोगासाठी, म्हणजे एकच स्वर भावानुसार निरनिराळ्या वळणांनी लावण्यासाठी. त्यांचे पुस्तक उघडून त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकावी. पुस्तकातील कमानीपाशी गळ्यात काय घडते ते ध्यानात येते, आणि पुस्तकही मग निराळे दिसू लागते. हा क्रम उलटा करून, म्हणजे आधी पुस्तक पाठ करून मग कधीतरी ऐकू, असे म्हणून चालत नाही. परंतु परीक्षेचा क्रम नेमका तोच आहे.

आमच्या ओळखीच्या काही घरांतून ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे जुने मराठी भाग अजून आहेत, काहींच्या पानांवर आधीच्या पिढीने पेन्सिलीने खुणा केलेल्या आहेत. अशा एका प्रतीत शुद्ध कल्याणाच्या बंदिशीवर, छापील कमानीच्या आत, फिकट अक्षरात बारीकसा ‘नि’ लिहिलेला आम्ही पाहिला. कोणी तो लिहिला हे आता सांगता येणार नाही. बहुधा गुरूपुढे बसून ऐकताना लिहिला असावा. झेरॉक्समध्ये तो ‘नि’ उमटत नाही. ज्या पालकांची मुले यंदा या रागापाशी पोचली आहेत त्यांनी मूळ प्रत कोणाकडे तरी मिळवून पाहावी, एखाद्या किराण्याच्या गायकाचे आणि एखाद्या ग्वाल्हेरच्या गायकाचे शुद्ध कल्याणाचे ध्वनिमुद्रण मुलांना ऐकवावे, आणि त्यांनी जेथे जेथे निषाद ऐकला तेथे तेथे कमानीच्या पोटात त्यांच्याच हाताने लिहू द्यावा. दोघांच्या खुणा एके जागी पडणार नाहीत. त्या कोठे वेगळ्या पडतात, यावर मग मुलांशी बोलावे.